मुलांच्या बाकड्याला रंग देण्याआधी डबा वाचा

जून उजाडला की आपल्या वस्त्यांमध्ये एक हौशी कार्यक्रम ठरलेला असतो. कुठल्यातरी शाळेनं काढून टाकलेली बाकडी, कुणाच्या तरी माळ्यावरचा पाळणा, मशिदीच्या मागच्या खोलीत पडलेली मकतबची लांब बुटकी टेबलं बाहेर काढली जातात. चार पोरं पॉलिश पेपर घेऊन बसतात, धुरळा उडतो, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून पिवळ्या आणि लाल ऑइल पेंटचे डबे येतात. संध्याकाळपर्यंत बाकडी चकचकीत. व्हॉट्सअ‍ॅपवर आधीचा आणि नंतरचा फोटो, खाली ‘माशाअल्लाह’ची रांग. दोन दिवसांनी बालवाडीची मुलं त्यावर बसतात, कडा चावतात, रंग नखांनी उकरतात आणि तीच बोटं तोंडात घालतात.

या कामामागच्या नीयतीबद्दल मला शंका नाही. माझा आक्षेप त्या डब्याला आहे, त्या पॉलिश पेपरला आहे, आणि दोन्ही हातात घेताना एकही प्रश्न न विचारण्याच्या आपल्या सवयीला आहे.

प्रश्न शिशाचा आहे. मराठीत या धातूच्या नावाची मोठी गंमत आहे. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. शिसवी पलंगाचा शिशाशी काही संबंध नाही, ती लाकडाची जात. आणि जिथं शिसं खरोखर असू शकतं, त्या रंगाच्या डब्यावर त्याचं नाव आपण कधी शोधतही नाही.

रंगात शिसं टाकतात ते दोन कारणांसाठी. एक, रंगद्रव्य म्हणून. लेड क्रोमेट हा झगझगीत पिवळा असतो, त्याच्याच भाऊबंदांमधून केशरी आणि शेंदरी छटा मिळतात. स्वस्त, उन्हात न विटणारा, एका हातात खालचं सगळं झाकणारा. म्हणजे लहान मुलांच्या वस्तूंना आपण जे रंग हमखास निवडतो, नेमके तेच संशयाचे. दुसरं, ऑइल पेंट लवकर सुकावा म्हणून शिशाचे क्षार त्यात मिसळायची पद्धत होती. त्याही आधी शिशाचा पांढरा सफेदा होता. तो रंगात जायचा, लाकडाच्या भेगा भरायच्या लांबीतही जायचा. आजोबांच्या काळातला पलंग पांढरा असेल तर पांढरा म्हणून तो निर्धोक आहे असं समजू नका.

शिसं शरीरात काय करतं, हे डॉक्टर माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी अभियंता आहे, यंत्रणा कशी फसते एवढं मला कळतं, म्हणून तेवढंच सांगतो. शरीर शिशाला कॅल्शियम समजतं. कॅल्शियमच्या वाटेनं ते रक्तात जातं, मेंदूत जातं, आणि उरलेलं हाडात वर्षानुवर्षं साठून राहतं. तेवढंच शिसं पोटात गेलं तरी लहान मूल मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषून घेतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शरीरात लोह कमी असेल तर हे प्रमाण आणखी वाढतं. आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतला आकडा आठवा: देशातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आहेत. शिशाला याहून सोयीचं घर मिळणार नाही. त्याची सुरक्षित म्हणावी अशी कुठलीही पातळी आजवर सापडलेली नाही. रक्तातलं शिसं फारच वाढलं तर ते बाहेर काढायची औषधं आहेत, पण मेंदूचं झालेलं नुकसान त्यांनी भरून येत नाही.

एक साधा हिशेब करू. समजा जुन्या रंगात १ टक्का शिसं आहे. जुन्या ऑइल पेंटच्या मानानं हा काही अचाट आकडा नाही. अनेक थर साचलेला, अंगठ्याच्या नखाएवढा पोपडा अंदाजे ०.१ ग्रॅम भरतो. म्हणजे त्यात १ मिलिग्रॅम, अर्थात १,००० मायक्रोग्रॅम शिसं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं लहान मुलांच्या आहारासाठी सावधगिरीची जी रेषा आखली आहे, ती दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम. भागाकार करा, ४५० दिवसांहून जास्त येतात. एका पोपड्यात सव्वा वर्षाचा कोटा. ही रेषा ओलांडली की मूल आजारी पडतंच असं नाही, ती मुद्दाम काटेकोर ठेवलेली आहे. पण मूल एकच पोपडा खाऊन थांबतं असंही नाही.

आपल्याकडे कायदा आहे का? आहे, आणि चांगला आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं २०१६ साली घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाबद्दल नियम काढले. १ नोव्हेंबर २०१७ पासून अशा रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसं चालत नाही. याला ९० पीपीएम म्हणतात. टक्केवारीत ०.००९. शिवाय शिसं या मर्यादेच्या आत असल्याची ओळ डब्यावर छापणं बंधनकारक आहे.

मोठ्या कंपन्यांनी बहुतेक करून हे पाळलं. छोट्या कारखान्यांच्या डब्यांची गोष्ट वेगळी आहे. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेनं नियम लागू झाल्यानंतरही बाजारातून डबे विकत घेऊन तपासले, आणि छोट्या उत्पादकांच्या अनेक डब्यांत मर्यादेच्या कितीतरी पट शिसं सापडलं. हे डबे जातात कुठं? जिथं गिऱ्हाईक भाव विचारतं आणि लेबल विचारत नाही तिथं. माझ्या वस्तीतल्या दुकानात मी ‘नव्वद पीपीएम लिहिलेला डबा दाखवा’ म्हटलं, तर दुकानदारानं मला आधी वजन सांगितलं, मग शेड कार्ड दिलं, आणि शेवटी म्हणाला, “भाई, ये लिखा हुआ कोई नहीं पूछता.” त्याच्यावर मी चिडलो नाही. तो खरं बोलत होता.

नियमाला एक भोकही आहे, ते फर्निचरवाल्यांनी नीट समजून घ्यावं. हा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांना लागू आहे. गाड्या, यंत्रं, पूल यांच्यासाठीचे औद्योगिक रंग त्याच्या बाहेर आहेत. आता आपले कारागीर ज्याला ‘डुको’ म्हणतात, ते काय आहे? गाडीच्या रंगाची फवारणी. काचेसारखी चमक येते म्हणून गिऱ्हाईक खूश. मोटारीचा म्हणून विकला जाणारा डबा उघडून कुणी त्यानं बाळाचा पाळणा रंगवला, तर ९० पीपीएमची हमी तिथं लागूच होत नाही. खेळण्यांसाठी वेगळा आदेश आहे. १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय खेळणी विकता येत नाहीत, आणि त्या मानकांत रंगातून सुटणाऱ्या शिशाची मर्यादा येते. पण तो आदेश खेळण्यांचा. लाकडी घोडा त्यात येतो, घोड्याशेजारचं बाकडं येत नाही. मूल चावताना हा भेद करत नाही.

इथवर मी नव्या डब्याबद्दल बोललो. पण खरा धोका बहुतेक वेळा खालच्या थरात असतो, आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणी चकार शब्द काढत नाही. अमेरिकेत घरगुती वापरासाठी शिशाचा रंग १९७८ साली बंद झाला, म्हणून तिथं १९७८ आधीचं घर म्हटलं की लोक सावध होतात. आपली तारीख २०१७ आहे. त्याआधी रंगवलेलं प्रत्येक बाकडं, प्रत्येक पाळणा, प्रत्येक खिडकी, तपासलेली नसेल तर संशयित धरा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक वाईट खोड असते: जुन्या, कुणालाच न कळणाऱ्या कोडवर नवा थर चढवायचा आणि ‘चालतंय ना’ म्हणायचं. ते कोड निदान कुणाचं बाळ चाटत नाही.

आणि त्या जुन्या थराला हात लावायची सर्वांत वाईट पद्धत म्हणजे आपली नेहमीची पद्धत. कोरडं घासणं. पोपडा निदान डोळ्यांना दिसतो. कोरड्या घासण्यातून होणारी पूड हवेत जाते, चटईत मुरते, कपड्यांवर बसते, रांगणाऱ्या बाळाच्या तळहाताला चिकटते. ब्लो लँपनं रंग जाळून काढणं याहून वाईट, कारण तापलेल्या रंगातून शिशाच्या वाफा आणि धूर सरळ फुप्फुसात जातात. म्हणजे तीन वर्षांच्या मुलासाठी पुण्य कमवायला बसलेली सतरा वर्षांची चार पोरं त्या दिवशी सगळ्यात जास्त शिसं खातात.

आता थोडं त्यांच्याबद्दल जे हेच काम रोज करतात. ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार बघा, चोर बाजारातली मटण स्ट्रीट बघा. जुनं लाकूड घासून नवं करणाऱ्या हातांमध्ये आपल्या लोकांचे हात किती आहेत, हे मी सांगायला नको. तोंडाला गमछा, अंगात बनियन, समोर घासायचं मशीन आणि डोक्याच्या केसांपर्यंत पांढरी-पिवळी पूड. गमछ्यानं ती पूड अडत नाही. तोच माणूस रात्री त्याच कपड्यांत घरी जातो आणि दारात धावत आलेल्या मुलीला कडेवर उचलतो. कारागिरांच्या हक्कांवर आपण चर्चासत्रं घेतो, मजुरी, विमा, ओळखपत्र यांवर बोलतो, ते बोललंच पाहिजे. पण एक चांगला मास्क, पाण्याचा फवारा, काम संपल्यावर अंघोळीची आणि कपडे बदलायची जागा, या मागण्या कुठल्या निवेदनात वाचल्यात तुम्ही?

आपल्या चळवळीतल्या काही मित्रांना हा सगळा विषय किरकोळ वाटणार, हे मला माहीत आहे. देशात एवढं काय काय चाललंय आणि हा रंगाच्या डब्यावर लिहितोय. माझं म्हणणं त्यांनी ऐकून घ्यावं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांनी २०२० साली काढलेल्या अहवालात एक अंदाज आहे: जगातली ८० कोटींपर्यंत मुलं अशी, की ज्यांच्या रक्तातलं शिसं चिंता करण्याच्या पातळीवर आहे. त्यांतली सुमारे साडेसत्तावीस कोटी एकट्या भारतात. सगळं शिसं रंगातून येत नाही, हे उघड आहे. जुन्या बॅटऱ्या फोडायचे, वितळवायचे उघड्यावरचे धंदे आहेत, भेसळीची हळद आहे, भांडी आहेत. पण यांतली कुठली जागा आपल्या वस्त्यांपासून फार लांब आहे? बॅटऱ्या फोडायच्या गल्ल्या कुणाच्या शेजारी असतात? नागरिक म्हणून समान हक्क मागताना शाळेतली जागा मागतो, नोकरीतली जागा मागतो. त्या जागेवर बसणाऱ्या मुलाचा मेंदू शाबूत राहावा, ही मागणी त्याच यादीतली आहे.

‘आम्ही याच पलंगावर वाढलो, आम्हाला काय झालं?’ हे वाक्य प्रत्येक घरात एक तरी मामू, एक तरी फुफी म्हणतेच. त्यांना आदरानं सांगा की शिशाचं नुकसान फोड येऊन दिसत नाही. चार-पाच गुणांनी बुद्ध्यांक खाली येतो, लक्ष लागत नाही, राग लवकर येतो. असं मूल ‘मस्तीखोर’ ठरतं, ‘ढ’ ठरतं. आपण कोण झालो असतो हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून ‘काय झालं’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ‘तुमच्या लोकांची पोरं अभ्यासात लक्षच देत नाहीत’ असं शिक्षकांच्या तोंडून आपण किती वेळा ऐकलंय. त्याला गरिबी, गर्दीची घरं, वाईट शाळा, पूर्वग्रह अशी दहा कारणं आहेत, आणि मी शिशाला अकरावं म्हणून पुराव्याशिवाय चिकटवणार नाही. मी एवढंच म्हणतो की आपल्या मुलांची तपासणीच कुणी केलेली नाही. रक्तातलं शिसं मोजायची चाचणी मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत होते. पोपडे खाणाऱ्या मुलाच्या आईनं डॉक्टरांना ती नाव घेऊन विचारावी.

जाता जाता, सुरम्याबद्दल. बाजारात मिळणारा पुष्कळसा काळा सुरमा म्हणजे शिशाचंच खनिज असतं, लेड सल्फाइड. पाळणा ९० पीपीएमनं रंगवायचा आणि त्यातल्या बाळाच्या डोळ्यात शिसं भरायचं, हे काही बरोबर दिसत नाही. यावर कुणी माझ्याशी भांडायला आलं तर माझी हरकत नाही, फक्त डबी तपासून या.

मग रंग निवडायचा कसा? आधी लाकूड बघा. रंगाचे पोपडे सुटले असतील आणि वस्तू पाळण्याच्या कठड्यासारखी, म्हणजे चावली जाणारी असेल, तर मोह सोडा. तो कठडा काढून कोऱ्या लाकडाचा बसवा, नाहीतर अख्खा पाळणा बाद करा. दादीची आठवण म्हणून भिंतीवर त्याचा फोटो लावा. काढलेलं लाकूड बंबात किंवा चुलीत मात्र घालू नका, रंग त्याच धुरातून परत घरात येईल. रंग घट्ट बसलेला असेल आणि वस्तू टेबलासारखी असेल, तर साबणाच्या पाण्यानं धुवून, वॉटर पेपरनं ओलं ठेवूनच हलकं घासून वरून नवा थर देता येतो. काम मोकळ्यावर करा, खाली प्लॅस्टिक अंथरा, मुलं आणि गरोदर बायका जवळ नकोत. पाणी मारत राहा. मशीन नको. झाडू नको, ओल्या फडक्यानं पुसा, ते फडकं आणि गाळ पिशवीत बांधून टाका. मास्क एन-९५ किंवा त्याहून चांगला. काम झालं की अंघोळ, आणि कपडे वेगळे धुवा.

डबा घेताना पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक एनॅमल घ्या. त्यावर शिशाची ९० पीपीएमची ओळ, कारखान्याचा पत्ता आणि तारीख असायलाच हवी. यातलं एक जरी नसलं तरी तो डबा तिथंच ठेवा. वजनावर मिळणारा सुटा रंग कितीही ओळखीच्या दुकानातला असो, नको. बाहेरच्या भिंतीचा रंग उरलाय म्हणून तो बाकड्याला फासू नका, बुरशी मारायची औषधं त्यात असतात. ‘ऑरगॅनिक’, ‘बेबी सेफ’ अशा शब्दांना भुलून तिप्पट पैसे मोजायचीही गरज नाही. हे शब्द जाहिरातीचे आहेत, आकडा कायद्याचा आहे. हात लावून रंग सुकला वाटला तरी पूर्ण पक्का व्हायला काही आठवडे लागतात, तोवर बाकडं मुलांना देऊ नका. शाळा जूनमध्ये उघडत असेल तर रंग मे महिन्याच्या सुरुवातीला लावा.

लाकूड कोरं असेल तर रंग कशाला हवा? चपड्याची पॉलिश द्या. चपडा म्हणजे लाख. गोळ्यांना आणि मिठायांना जो चमकदार लेप असतो, तोही याच लाखेचा असतो. चन्नपट्टणची लाकडी खेळणी लाखेनंच रंगवतात. ती कला टिपू सुलताननं इराणी कारागीर बोलावून वाढवली असं सांगतात. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात, ते उडून जाईपर्यंत खोली मोकळी ठेवावी, आणि त्यावर गरम भांडं ठेवलं तर डाग पडतो. रेहलीवर कुणी गरम भांडं ठेवत नाही, म्हणून मकतबच्या रेहलींना यासारखं दुसरं काही नाही. जवसाचं कच्चं तेलही चालतं, फक्त दुकानातलं ‘बॉइल्ड’ तेल घेऊ नका, त्यात सुकवण्यासाठी धातूचे क्षार घातलेले असतात. आणि तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

पैशांची सबब मला मान्य नाही. एका स्टुलाला पाव लिटर रंग पुरतो. चांगल्या आणि बेनाव डब्यातला फरक बिर्याणीच्या एका प्लेटीएवढा. ज्या मंडळांकडे जलशाच्या मांडवाला पैसे असतात, त्यांच्याकडे हा फरकही असतो.

आता तरुणांसाठी एक काम, ज्याला ब्रशसुद्धा लागत नाही. आपल्या गल्लीतल्या प्रत्येक हार्डवेअर दुकानात जा आणि ती ओळ विचारा. भांडू नका, नुसतं विचारा, आणि ज्या डब्यावर ती नसेल त्याचा फोटो काढा. मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. तीन प्रश्न पुरे आहेत. २०१७ पासून आमच्या जिल्ह्यातल्या दुकानांतून आणि कारखान्यांतून घरगुती रंगाचे किती नमुने शिशासाठी तपासले? त्यांतले किती ९० पीपीएमच्या वर निघाले? त्यांच्यावर काय कारवाई झाली? अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तर तीस दिवसांत यायला हवं. आलेलं उत्तर, किंवा न आलेलं, या मासिकाकडे पाठवा.